पॉयझन सरांच्या निरोपाला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष, माननीय वामनरावजी, मुख्याध्यापक महोदय, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले इंग्रजीचे शिक्षक श्री. नंदकिशोर पांढरीपांडे सर आणि सौ. रजनीताई, मुकुटबन आणि आसपासच्या खेड्यांतून कामधाम टाकून आलेले पालक, आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेली माझी माय, रुखमाबाई. सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी दीपा देवराव नगराळे. याच शाळेत शिकले, सध्या वणीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. सकाळची ड्यूटी करून थेट एसटीने आले आहे, त्यामुळे अंगाला फिनेलचा वास येत असेल तर पहिल्या रांगेनं सांभाळून घ्यावं. हा फोन मी इथे टेबलावर ठेवते. फवारणीचे दिवस आहेत, यंदा आमचा वॉर्ड कसा भरला आहे ते तुम्ही जाणता. वाजला तर वाक्य अर्धं टाकून निघावं लागेल, तेवढी सवलत अध्यक्षांनी आधीच दिली आहे.

अध्यक्षांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती मात्र मला पाळता येईलसं वाटत नाही.

त्या तबकात शाल आणि श्रीफळ ठेवलेलं तुम्हाला दिसत असेल. सरांनी चार दिवसांपूर्वी कळवलं की मी येईन, बसेन, मुलांची भाषणं ऐकेन, पण शाल घेणार नाही. कारण संस्थेला सांगितलं नाही. वामनरावजींनी मला निरोप पाठवला, दीपा, तू सत्काराआधी दोन शब्द बोल, सर तुझं मन मोडणार नाहीत. आणि फोन ठेवताना म्हणाले, 'पण पोरी, तो जुना विषय नको काढू.' आता अध्यक्षसाहेब, तुम्हीच सांगा, विहिरीत उतर पण ओली होऊ नको, हे कसं जमायचं? सर शाल का घेत नाहीत ते त्या विषयातच आहे. मी तो काढणार आहे. आधीच माफी मागून ठेवते.

सरांना तुम्ही सगळे पॉयझन सर म्हणता. तोंडावर नाही, पण म्हणता. दर वर्षी नववीच्या पहिल्या दिवशी सर फळ्यावर एकच शब्द लिहितात आणि पूर्ण तास त्या शब्दाचं खानदान सांगतात. दोन-तीन वर्षांमागे तपासणीला साहेब आले होते. त्यांनी नववीला विचारलं, कोणताही एक इंग्रजी शब्द सांगा. अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला, 'पॉयझन!' साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही म्हणतात.

हसा, हसण्यासारखंच आहे. पण सर नेहमीच असे नव्हते. माझ्या वेळच्या सरांची ओळख आजच्या पोरांना करून द्यायला हवी.

सर यवतमाळच्या घरातले. वडील कचेरीत हेडक्लार्क, आजोबाही कचेरीतच. घरी इंग्रजी पेपर यायचा. सर मुकुटबनला आले ते एक निश्चय करून, की या भागातल्या पोरांना इंग्रजी बोलता आलंच पाहिजे. वर्गात तर मराठी बंद होतीच, पण सरांच्या बिऱ्हाडाच्या दारावरही खडूनं लिहिलेलं होतं, 'इंग्लिश ओन्ली'. उंबऱ्यावर उभं राहून जे सांगायचं ते इंग्रजीत, नाही तर परत जायचं.

आमच्या वर्गातल्या विक्कीनं एकदा सरांच्या खाटेखाली विंचू पाहिला. वह्या द्यायला गेला होता. विंचवाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. तो म्हणाला, 'सर, अंडर कॉट... स्मॉल... डेंजर... टेल अप.' सर खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. ते म्हणाले, 'फुल सेंटेन्स, विक्की.'

आम्ही आठवडाभर हसत होतो. मी तर सगळ्यात जास्त, कारण मला पूर्ण वाक्यं यायची. वर्गात इंग्रजीत मी पहिली होते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. का सांगते ते पुढे कळेल.

दोन हजार पाच सालचा सप्टेंबर होता. रविवार. माझे वडील, देवराव, दुसऱ्यांच्या शेतात फवारणीच्या मजुरीला जायचे. त्या वर्षी अळी काही केल्या हटत नव्हती. एका फवाऱ्यानं भागेना, मग दोन औषधं एकात कालवून मारायची. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली, म्हणजे फवारा वर धरून मारावा लागे आणि उलटून तोंडावर येई. पाठीवरचा पंप गळका. बाबा दुपारी तीनच्या सुमारास घरी आले ते भिंत धरून. अंगाला पाझर फुटावा तसा घाम. मायला म्हणाले, 'डोयापुढं धुकं येऊन राह्यलं वो.' आणि ओसरीवर आडवे झाले.

माय मला म्हणाली, 'जाय, सरले सांग, बाबाले औषध लागलं म्हणून. त्याहिले समजते.'

बाहेरगावचे पाहुणे बसले आहेत, म्हणून फोड करून सांगते. आमच्याकडे पिकावर मारायच्या विषाला औषध म्हणतात. दुकानात औषध, शेतात औषध, घरात खुंटीला टांगलेलं तेही औषध. आणि ऊन लागतं तसं माणसाला औषध लागतं. बाबाले औषध लागलं, एवढं तीन शब्दांचं वाक्य मी सरांच्या दारात जसंच्या तसं बोलले असते, तर यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ते क्षणात समजलं असतं. सरांनाही.

पण त्या दारावर खडूची ओळ होती.

आमच्या वस्तीपासून सरांचं बिऱ्हाड पळत दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मी वाक्य जुळवत पळाले. बाबा म्हणजे फादर. औषध म्हणजे मेडिसिन, हे पाचवीपासून पाठ. 'लागलं'ला काय म्हणतात ते सापडेना, मग मी 'टेक' धरलं. सर उंबऱ्याशी आले. मी म्हटलं, 'गुड आफ्टरनून सर. माय फादर टेक मेडिसिन. ही इज स्लीपिंग.'

सर म्हणाले, 'टुक. माय फादर टुक मेडिसिन.'

मी म्हटलं, 'माय फादर टुक मेडिसिन.'

सर म्हणाले, 'गुड. लेट हिम स्लीप. गिव्ह हिम वॉटर.'

मी 'येस सर, थँक यू सर' म्हणून परतले. आणि या सभेत खरं तेच बोलायचं ठरवून आले आहे म्हणून सांगते, मी त्या वाटेनं खुशीत परतले. सरांना माझं इंग्रजी समजलं होतं. एकच चूक निघाली होती. मी 'टुक, टुक' असं घोकत घरी आले आणि मायला सांगितलं, सर म्हणाले, झोपू द्या, पाणी पाजा.

माय म्हणाली, 'सर म्हणते तं झोपू दे मंग.'

अध्यक्षसाहेब, तुम्ही चिठ्ठी पाठवलीत ती मिळाली. 'आवरा' असं लिहिलं आहे. आवरते, पण अजून नाही.

सव्वा तास गेला. मी रोज वॉर्डात असे पेशंट पाहते, म्हणून आज मला माहीत आहे की त्या सव्वा तासात काय करता आलं असतं. कपडे उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं, गाडी बोलवायची. आम्ही पंख्यानं वारा घातला. मग बाबांच्या तोंडाला फेस आला, अंगावरचे स्नायू कातडीखाली उडायला लागले. डोळे पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी पुन्हा धावले. या वेळी दारावरची ओळ दिसलीच नाही. मी रस्त्यातूनच ओरडले, 'सर, बाबाले औषध लागलं! फवाऱ्याचं!'

सर चहा घेत होते की वाचत होते, मला आठवत नाही. ते अनवाणी बाहेर आले. त्यांचा चेहरा मी त्या आधी तसा पाहिला नव्हता. 'काय लागलं?' त्यांनी मराठीत विचारलं. मी पुन्हा सांगितलं. सर तसेच अनवाणी वामनरावजींच्या दाराशी पळाले आणि वामनरावजींनी हातातलं काम टाकून स्वतः जीप काढली. हे उपकार माझ्या घरानं विसरावेत असे नाहीत. सर मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, वणीपर्यंत. रस्ता तेव्हा कसा होता ते तुम्ही जाणता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध होतं? बाबांसोबत शेतातून आलेला औषधाचा डबा मी घरून आणला होता, तेवढी अक्कल मायला होती. मी म्हटलं, 'पोइसन कंपनीचं.'

त्या डब्यावर लाल त्रिकोणात मोठ्या अक्षरांत एक शब्द छापलेला असतो. मी तो अक्षर अक्षर लावून कितीदा वाचला होता. सगळ्या डब्यांवर तोच शब्द, म्हणून मला वाटायचं की ही काहीतरी मोठी कंपनी असावी. बाबा पण सांगायचे, पोइसनचं औषध कडक असते. वर्गात पहिल्या आलेल्या पोरीला तो शब्द येत नव्हता, कारण तो आमच्या पुस्तकात नव्हता.

सरांनी डबा हातात घेतला. शब्द वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मेडिसिन हा शब्द त्यांना त्या वेळी पुन्हा ऐकू आला असेल.

बाबा मंगळवारी दुपारी गेले. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. ते मायला एवढंच म्हणाले, बाई, थोडं आधी आणायला हवं होतं.

हा झाला तो विषय.

पुढचं तुमच्यापैकी जुन्या लोकांनी पाहिलं आहे, पण कारण माहीत नसल्यामुळे तुम्हाला ते चमत्कारिक वाटलं असेल. सरांनी ओल्या फडक्यानं दारावरची ओळ स्वतः पुसली. तेराव्याला नव्हे, आमच्यात तसलं काही नसतं, पण आठ दिवसांनी सर आमच्या ओसरीवर आले आणि मायपुढे जमिनीवर बसले. म्हणाले, 'रुखमाबाई, माझ्या दारात मराठीला बंदी होती. म्हणून पोरगी सांगू शकली नाही. चूक माझी.' मायनं त्यांना पाणी दिलं. मग सरांनी वामनरावजींच्या हातात राजीनामा दिला आणि तिथेही हेच सांगितलं. वामनरावजींनी तो कागद खणात टाकला आणि म्हणाले, 'सर, तुम्ही गेल्यावर जो येईल तो पुन्हा बोर्ड लिहील. तुम्ही राहा.' माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला तो सर्वांत शहाणा निर्णय आहे, आणि हे मी अध्यक्ष समोर बसले आहेत म्हणून म्हणत नाही.

सर राहिले. आणि वऱ्हाडी शिकायला लागले. घरात कधी बोलले नव्हते, त्यामुळे सुरुवातीला फार मजा यायची. 'मला समजून राह्यलं' असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं बोलायचे. बायाबापड्या पदराआड हसायच्या. सर म्हणायचे, 'हसा, पण चूक सांगा.'

आणि सर त्या शब्दाच्या मागे लागले. दर शनिवारी यवतमाळच्या ग्रंथालयात जाऊन जाड कोश उघडून बसायचे. रजनीताई एकदा मला म्हणाल्या, 'अगं, हे झोपेतसुद्धा लॅटिन बोलतात.' मी दहावीत गेले तेव्हा सरांनी तो तास पहिल्यांदा आमच्या वर्गावर घेतला, पुढे तो नववीला गेला. मी तो वहीत उतरवून घेतला होता. ती वही आज सोबत आहे.

सरांनी फळ्यावर 'पॉयझन' लिहिलं आणि विचारलं, 'हा शब्द इंग्रजांचा आहे का?' आम्ही म्हटलं, हो. सर म्हणाले, 'नाही. इंग्रजांनी हा फ्रेंचांकडून आणला. आणि जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ विष नव्हता. प्यायचा घोट, एवढाच होता. त्यातही बरेचदा औषधाचा काढा.'

मी बाकावर ताठ बसले.

सर पुढे म्हणाले, 'फ्रेंचांना तो लॅटिनमधून मिळाला. तिथे तो पोशिओ. पोशिओ म्हणजे पिणं, पेय. पुढे हाच लॅटिन शब्द दुसऱ्या वाटेनं पुन्हा एकदा इंग्रजीत आला आणि पोशन झाला. गोष्टीतला वैद्य देतो तो गुणकारी काढा, तो पोशन. म्हणजे पॉयझन आणि पोशन एका मायच्या दोन लेकी. एक वैद्याघरी पडली, दुसरी मारेकऱ्याघरी.'

विक्कीनं विचारलं, 'सर, मंग हे दुसरी काहून बिघडली?'

सर म्हणाले, 'विक्की, विष देणारा माणूस विष घे असं म्हणून कधी देत नाही. तो म्हणतो, घोट घे, बरं वाटेल. घोटात काय कालवलं ते बदलत गेलं, नाव तेच राहिलं. लोक मरायला लागले तेव्हा कुठे नावाचा अर्थ बदलला. शब्दाला कळायला फार उशीर लागतो.'

मग लॅटिनच्याही मागे गेले. तिथे 'पो' असं मूळ आहे, पिण्याचं. आपल्याकडे संस्कृतात तेच 'पा'. पिबति, पेय, पान. आणि पानीय म्हणजे पिण्याजोगं. त्या पानीयाचं काय झालं ते सांगा, असं सर म्हणाले. कुणालाच येईना. तेव्हा सरांनी टेबलावरचा पेला उचलून दाखवला. आम्ही ओरडलो, 'पेला!' सर म्हणाले, 'पेला नव्हे. तो फारशीतून आलेला पाहुणा आहे, त्याची कुळी वेगळी. दिसायला सारखा म्हणून नातं जोडायचं नाही. पेल्यात काय आहे?'

पाणी. पॉयझन आणि पाणी, हजारो वर्षांमागचे भाऊबंद. लेट हिम स्लीप, गिव्ह हिम वॉटर. मला त्या तासाला रडू आलं, आणि सरांनी मला बाहेर जा असं म्हटलं नाही.

शेवटी सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. तिकडे औषधाचं नाव चालत चालत विष झालं. इकडे आपण विषाला औषध म्हणतो. आणि म्हणाले, 'तिकडच्यांना सुधारायला शेकडो वर्षं लागली. आपल्याला तेवढा वेळ नाही. उद्यापासून घरात, शेतात, त्या डब्याला औषध म्हणायचं नाही. विष म्हणा. नाही तर पॉयझन म्हणा. पण औषध म्हणू नका.'

बारा वर्षं हा तास चालू आहे. अभ्यासक्रमात नाही म्हणून तक्रारी झाल्या. निकालावर परिणाम होतो म्हणून झाल्या. सरांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच शब्द लिहिला.

त्याचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एक उत्तर आहे, गेल्या महिन्यातलं. मी वॉर्डात होते. एका ऑटोतून सुखीबाई नावाची बाई आली, फवारणीच्या मजुरीला गेलेली. सोबत नववीतली लेक, ममता. पोरीनं आईचं लुगडं घरीच बदललं होतं, अंग साबणानं धुतलं होतं, डबा पिशवीत घालून आणला होता. दारातूनच मला म्हणाली, 'सिस्टर, पॉयझन आहे. दोन वाजता लागलं. दोन डबे मिसळले होते.' मी विचारलं, कोणती शाळा? तिनं आपल्या शाळेचं नाव सांगितलं. बिजलीबाई म्हणून आमच्या वॉर्डातल्या आया आहेत, त्या म्हणाल्या, 'काय वो, हे पोरगी तं डाक्टरच निंघाली.'

सुखीबाई आठव्या दिवशी चालत घरी गेल्या. त्या आणि ममता पाचव्या रांगेत बसल्या आहेत. सर, तुम्ही ममताला वर्गात पाहता, पण तिनं तुम्हाला हे सांगितलं नसेल. मी सांगते आहे.

आता एक विनंती, आणि ती अध्यक्षांना आहे. वामनरावजी, राग मानू नका. तुम्ही या गावचे, तुमचं बसस्टँडजवळचं कृषी केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पाटीवर लिहिलं आहे, बियाणे, खते व औषधी मिळतील. तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही, सगळ्या जिल्ह्यात तेच लिहितात. पण ज्या शाळेचे तुम्ही अध्यक्ष आहात तिथे एक माणूस बारा वर्षं एक शब्द पुसतो आहे, आणि तो तुमच्या पाटीवर रोज पुन्हा लिहिला जातो. सरांच्या निरोपाला काही द्यायचंच असेल तर तेवढी एक पाटी बदला. तुम्ही मान हलवलीत ती मी होकार समजते. साक्षीला अख्खा हॉल आहे.

फोन अजून वाजलेला नाही. म्हणजे आता मला पळून जायला कारण उरलं नाही, आणि जे सांगायला मी आले ते सांगणं भाग आहे.

मघाशी सरांच्या दारातली हकीकत मी तुम्हाला सांगितली, ती सर सांगतात तशी सांगितली. मायला ओसरीवर त्यांनी तशीच सांगितली. वामनरावजींनाही तशीच. परवा मी आमंत्रण घेऊन गेले तेव्हा सर मलाही तेच म्हणाले, 'माझ्या नियमानं तुझा बाप गेला, दीपा, मी शाल कोणत्या तोंडानं घेऊ?' आणि मी तिन्ही वेळा गप्प बसले.

कारण त्या हकीकतीत एक वाक्य कमी आहे.

मी धापा टाकत उंबऱ्याशी पोचले तेव्हा, मी तोंड उघडायच्या आधी, सर म्हणाले होते, 'अगं, किती पळालीस! राहू दे इंग्रजी. मराठीत सांग.'

माय, तू पण ऐक. मी तुला हे कधी सांगितलं नाही.

सरांनी नियम सोडला होता. माझ्याकडे पाहून, त्या एका दिवसापुरता, स्वतः सोडला होता. मी म्हटलं, 'नो सर. आय विल टेल.' मी घाबरून तसं म्हटलं नाही. सर तसं समजत असतील तर ते चूक आहे. दहा मिनिटं पळत जुळवलेलं वाक्य मला वाया घालवायचं नव्हतं. विक्कीला जमलं नाही ते मला जमतं हे मला दाखवायचं होतं. बाप ओसरीवर पडला होता आणि मी इंग्रजी मिरवत होते.

चौदा वर्षांची होतीस, असं तुम्ही म्हणाल. वॉर्डातल्या मैत्रिणीही म्हणतील. मी स्वतःलाही कितीदा म्हटलं आहे. पण माझं वय काय होतं हा आजचा मुद्दा नाही. मुद्दा हा आहे की सरांना ते वाक्य आठवतं. ज्या माणसाला एका शब्दाची सहा पिढ्यांची कुळकथा तोंडपाठ आहे तो स्वतःचं वाक्य विसरेल का? शब्दाचं मूळ शोधत सर फ्रेंचांच्या घरी गेले, लॅटिनच्या घरी गेले, पार संस्कृतापर्यंत गेले. त्या दुपारच्या मुळाशी मात्र दर वेळी एक पाऊल अलीकडे थांबले. तिथे एक पोरगी उभी होती. तिच्यावर बोट जाऊ नये म्हणून सगळा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला, आणि बारा वर्षं मी तो घेऊ दिला.

म्हणून सर, शाल घ्या किंवा घेऊ नका, मी आग्रह करणार नाही. पण घेणार नसाल तर माझ्या बापाचं कारण देऊ नका. ते कारण तुमच्या एकट्याचं नाही.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेचे, शिक्षकांचे, चिठ्ठी पाठवूनही मला न थांबवणाऱ्या अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी, काही चुकलं असेल तर पदरात घ्यावं, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. दर सभेत म्हणतात, कुणी मनावर घेत नाही. मी आज पद्धत म्हणून म्हणत नाही.

सर, तुम्ही त्या दिवशी मराठीत सांग म्हणाले होते. मले उशीर झाला. आता मराठीतच सांगून राह्यली, सर. चुकलं माहं. मले माफ करा.